धनगरवाड्यावरील घर-गोठा : नवे घर बांधताना जुन्यातले काय राखावे?

भोगावतीकाठ (प्रश्न)

नमस्कार. माझे आजोळ राधानगरी तालुक्यातील एका धनगरवाड्यावर आहे. मामांचे घर जुन्या घडणीचे असून तेथे माणसे आणि जनावरे एकाच आढ्याखाली राहतात. घराची लांबी डोंगराच्या उताराला धरून आहे. वरच्या अंगाला चूल, देव्हारा आणि निजायची जागा, खालच्या अंगाला म्हशींची दावण, आणि दोहोंच्या मध्ये शेणामातीने लिंपलेला, कारवीच्या काठ्यांचा छातीएवढा कूड, एवढीच काय ती विभागणी. कुडाच्या वर सगळे मोकळे आहे. म्हशींच्या डोक्यावर माळा असून त्यावर पावसाळ्याची वैरण भरलेली असते. पूर्वी सगळे छप्पर गवताचे होते. आता निम्म्यावर कौले आणि निम्म्यावर पत्रे आहेत.

मामांना यंदा घरकुल मंजूर झाले आहे आणि जुने घर उतरवून विटा-सिमेंटचे घर बांधण्याचे घाटत आहे. मामेभावाला वाटते की जनावरे घरापासून लांब, स्वतंत्र शेडमध्ये न्यावीत, कारण घरात लहान मूल आहे. आजोबांचे म्हणणे असे की ऐन पावसाळ्यात म्हैस लांब बांधली तर ती दुधाला टिकणार नाही, आणि रात्री बिबट्या आला तर कुणाला कळणारही नाही. मला दोघांचेही पटते, म्हणून येथे विचारत आहे. एका छपराखाली राहण्याची ही रीत केवळ गरिबीतून आली, की तिच्यामागे काही हिशेब होता? हिशेब असेल, तर त्यातले आजच्या घरात काय न्यावे आणि काय सोडावे?

कूडमेढ

ताई, गगनबावडा, शाहूवाडी आणि राधानगरी या पट्ट्यातील जुन्या घरांची मोजमापे घेण्याचे काम मी करतो, त्यामुळे तुमचे वर्णन वाचताना घर डोळ्यांपुढे उभे राहिले. हिशेब होता, आणि तो बारकाईने केलेला होता.

गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. अशा ठिकाणी घराचे पहिले काम ऊन अडवणे नसून ओल बाहेर घालवणे हे असते. प्रौढ म्हशीच्या अंगातून साधारण अर्धा ते एक किलोवॅट इतकी उष्णता रात्रंदिवस बाहेर पडत असते. म्हणजे चार म्हशी दावणीला असतील तर कोणतेही सरपण न जाळता घरात दोन ते चार किलोवॅटची ऊब तयार होते. ही उबदार, दमट हवा वर चढते आणि गवताच्या छपरातून हळूहळू बाहेर झिरपते, कारण नीट शाकारलेले गवत पाणी खाली येऊ देत नाही, पण हवा मात्र अडवत नाही. चुलीचा धूर त्याच वाटेने जातो आणि जाता जाता गवत, वासे व कारवी कोरडी ठेवतो, त्यामुळे लाकडाला कीड कमी लागते. कूड छातीएवढाच ठेवण्याचे कारणही हेच आहे: खालची ऊब वरच्या अंगाला पोहोचावी आणि चुलीपाशी बसलेल्या माणसाची नजर दावणीवर राहावी.

माळ्याबद्दल थोडे अधिक सांगावेसे वाटते. वैरणीचा जाड थर म्हशींच्या डोक्यावर गादीसारखा पसरलेला असल्याने रात्रीची थंडी थेट खाली उतरत नाही. शिवाय झड लागलेल्या दिवशी बाहेर पाऊल न टाकता पिंजराची पेंढी माळ्यावरून सरळ गव्हाणीत टाकता येते. भिजलेल्या वैरणीला बुरशी लागते आणि ती खाऊन जनावर आजारी पडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या माळ्याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही. दावण उताराच्या खालच्या अंगाला असते ती मूत आणि धुवण आपोआप घराबाहेर वाहून जावे म्हणून. पश्चिमेकडची वळचण कमरेपर्यंत खाली आणलेली असते आणि पावसाच्या तोंडावर तिथे तट्टे बांधले जातात.

तुमच्या घराच्या ज्या भागावर पत्रे आहेत तेथे हा हिशेब मोडला आहे. दमट हवा थंड पत्र्याला लागली की तिचे पाणी होते आणि ते थेंबाथेंबाने जनावरांवर व वैरणीवर पडत राहते. स्लॅबखाली तर हवेला वाटच उरत नाही. म्हणून पक्क्या घराच्या आतच दावण ठेवण्याचा विचार कृपया करू नये. जुन्या छपराखाली जे चालत होते ते सिमेंटच्या खोलीत चालणार नाही.

घर उतरवण्यापूर्वी त्याची मापे आणि फोटो नक्की घ्या. अशी घरे एकेक करून जात आहेत आणि त्यांची नोंद फारशी कुणी ठेवत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सीमाभाग_पशुवैद्य

वरील विवेचन योग्य आहे, परंतु त्यात एक बाजू राहिली आहे. माझी नोकरी चंदगड आणि आजरा भागात झाली, आणि एका छपराखाली राहण्याची किंमत मी जवळून पाहिली आहे.

सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस, हा आजार व्यालेल्या किंवा गाभडलेल्या जनावराच्या वारेतून आणि स्रावांतून माणसाला होतो. लेप्टोस्पायरोसिसचे जंतू जनावरांच्या आणि उंदरांच्या मुतातून पसरतात आणि पायाच्या भेगांतून शरीरात शिरतात. पावसाळ्यात अनवाणी दावण काढणाऱ्या माणसाला हा धोका रोजचाच आहे. जनावरांचा क्षयरोग न तापवलेल्या दुधातून आणि कोंदट जागेतील श्वासातूनही येऊ शकतो. याशिवाय गोचिडांचा प्रश्न आहे. गोचीड चावल्याने होणारा माकडताप हा आजार 1957 मध्ये कर्नाटकातील क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला, आणि 2016 मध्ये त्याची साथ तिलारी घाटाखाली दोडामार्ग तालुक्यात आली, म्हणजे चंदगडच्या अगदी उंबरठ्यावर. या रोगाचा विषाणू जनावरे फारसा वाढवत नाहीत, परंतु रानात चरून आलेल्या जनावराच्या अंगावर गोचीड पोसले जातात.

तरीही मी आजोबांच्या विरोधात नाही. जनावर जवळ असण्यात धोका कमी आहे. एकच हवा, एकच जमीन आणि एकच पाणी वाटून घेण्यात तो जास्त आहे. त्यामुळे घर आणि गोठा यांच्यामध्ये छपरापर्यंत गेलेली पूर्ण भिंत असावी, गोठ्याला स्वतंत्र दार असावे आणि गोठ्याची जमीन घराच्या जोत्यापेक्षा खाली असावी. गोठ्याच्या भिंतींना भेगा ठेवू नयेत, कारण रक्त पिऊन गळून पडलेले गोचीड तेथेच अंडी घालतात. रेड्या चार ते आठ महिन्यांच्या असताना ब्रुसेलोसिसची लस एकदाच द्यावी लागते, ती चुकवू नये. वार हाताळताना हातमोजे घालावेत आणि ती चुन्यासह खोल पुरावी. दूध उकळूनच प्यावे. लहान मुलाची निजायची जागा तर गोठ्याच्या भिंतीला लागून कधीच असू नये.

आजऱ्याची_लेक

मी अशाच घरात वाढले, त्यामुळे एक गोष्ट आग्रहाने मांडते. या घरात शेण काढणे, सारवणे, गव्हाण भरणे, पाणी पाजणे आणि पहाटेची धार ही कामे बहुतेक ठिकाणी बायकांकडे असतात, आणि गोठा कुठे असावा हे ठरवताना त्यांना क्वचितच विचारले जाते. एक म्हैस दिवसाला दहा ते पंधरा किलो शेण टाकते. चार म्हशींचे शेण आषाढातल्या पावसात डोक्यावर इरले घेऊन लांबच्या शेडमधून उकिरड्यापर्यंत न्यायचे म्हणजे काय, याचा अनुभव ज्याला आहे तो गोठा लांब नेण्याचे सहज बोलणार नाही. म्हैस अडली तर रात्री तिचा आवाज ऐकू यायला हवा. पारडू पावसात पडून राहिले तर सकाळपर्यंत राहत नाही. त्याच वेळी, चुलीचा धूर आणि गोठ्याचा उग्र दर्प एकत्र सोसून माझ्या आईचा खोकला आयुष्यभर हटला नाही, हेही तितकेच खरे आहे. भिंत हवीच, पण भिंतीत दार हवे आणि घरातून गोठ्यात जाताना डोक्यावर छप्पर हवे. मामींना काय वाटते, हे तुमच्या प्रश्नात आलेले नाही. ते आधी विचारा.

सड्यावरची_वाट

थोडी पार्श्वभूमी जोडतो. येथे ज्यांची चर्चा चालली आहे ते डंगे किंवा गवळी धनगर. पट्टणकोडोलीच्या बिरदेवाच्या यात्रेला जमणारे मेंढपाळ धनगर वेगळे. मेंढपाळांचा बराच काळ फिरतीवर, पालात जातो आणि रात्री मेंढरांभोवती वाघूर, म्हणजे जाळे, लावली जाते. डंग्यांचा जीव म्हशींवर. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी गवळी धनगरांचा अभ्यास करताना दाखवले आहे की खोऱ्यात भातशेती करणारे कुणबी आणि डोंगरमाथ्यावर म्हशी राखणारे गवळी यांनी एकच प्रदेश आपसांत वाटून घेतला होता, आणि वरचे लोणी-तूप खाली जाऊन खालचे धान्य वर येत असे. चाऱ्यासाठी आणि कुमरीच्या, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेल्या फिरत्या शेतीच्या, नाचणीसाठी वाडे जागा बदलत, म्हणून घर मेढी (लाकडी खांब), कारवी आणि गवत यांचेच असणे सोयीचे होते. कुमरीवर बंदी आली, राखीव जंगले झाली, 1958 मध्ये दाजीपूरचे अभयारण्य झाले आणि 1985 मध्ये त्याचा विस्तार 351 चौरस किलोमीटरपर्यंत गेला. वाडे एका जागी थांबले. जागा बदलली की साचलेली घाण आणि कीड मागे राहत असे. घर स्थिर झाले तेव्हा ती सोय संपली, आणि पशुवैद्यांनी सांगितलेले धोके वाढण्याचे हेही एक कारण असावे असे मला वाटते.

ही मांडणी फक्त आपल्याकडचीच आहे असेही नाही. स्लोव्हेनियातील वेलिका प्लानिना या पठारावर गुराख्यांच्या जुन्या झोपड्यांमध्ये मधोमध माणसाची लहानशी लाकडी खोली आणि तिच्या सभोवती गुरांची जागा असे, आणि फळ्यांचे छप्पर जवळजवळ जमिनीपर्यंत उतरलेले असे. तशी एक झोपडी तेथे संग्रहालय म्हणून जपली आहे. दाजीपूरला किंवा गगनबावड्याला एक तरी धनगराचे घर असे जपले जावे, अशी माझी फार इच्छा आहे.

भोगावतीकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मामींशी बोलले. त्यांचेही म्हणणे जवळपास आजऱ्याच्या ताईंसारखेच आहे: गोठा हाकेच्या अंतरावर हवा, मात्र स्वयंपाकघरात दर्प नको. आता अडचण जागेची आणि पैशाची आहे. घरकुलाच्या आराखड्यात गोठा धरलेलाच नाही. दोन्ही कसे बसवावे?

कूडमेढ

घरकुलाचे किमान क्षेत्र स्वयंपाकाच्या जागेसह 25 चौरस मीटर आहे आणि त्यात जनावर बसत नाही, हे खरे आहे. मात्र गोठ्यासाठी राज्यात रोजगार हमीतून अनुदानाची वेगळी सोय केलेली आहे. तिच्या 2021 च्या शासन निर्णयात सहा जनावरांच्या गोठ्याचे माप 7.7 मीटर लांब व 3.5 मीटर रुंद, म्हणजे 26.95 चौरस मीटर दिले आहे, आणि मूत साठवण्यासाठी 250 लिटरचे टाके सुचवले आहे. ग्रामपंचायतीत दोन्ही अर्ज वेगवेगळे असले तरी बांधकाम एकाच रेषेत धरता येईल: वरच्या अंगाला घर, त्याला लागून साधारण दोन मीटरची छप्पर असलेली पडवी, आणि तिच्या खालच्या अंगाला गोठा. पडवीत सरपण, इरली आणि दुधाची भांडी राहतील आणि घर व गोठा यांच्या हवा वेगळ्या होतील. घराच्या दारातून दावण दिसेल एवढी दोन्ही दारे समोरासमोर ठेवा.

गोठ्याची जमीन खडबडीत ठेवा, म्हणजे म्हशी घसरणार नाहीत, आणि तिला दर 40 सेंटिमीटरला एक सेंटिमीटर उतार द्या. छप्पर कौलांचे करून आढ्याशी हवेला फट ठेवा, आणि पत्रेच घालायचे झाले तर त्यांच्याखाली माळा व वैरण असू द्या. बिबट्यासाठी दाराला आणि झरोक्यांना लोखंडी गज हवेत. जुन्या मेढी आणि तुळया ऐनाच्या किंवा किंजळाच्या असतील तर त्या विकू नका. गोठ्याचा सांगाडा त्यांच्यातच उभा राहील आणि अनुदानावरचा भार हलका होईल. उतरवताना प्रत्येक लाकडावर खडूने क्रमांक घाला, आणि हे काम होळीनंतर लगेच धरा, म्हणजे वळीव येण्याआधी गोठ्यावर छप्पर चढेल आणि म्हशी एकही रात्र उघड्यावर राहणार नाहीत.