बीट-खजूर नको, आधी लोह तपासा
वडिलांचं डायलिसिस चालू आहे, हिमोग्लोबिन ७.८ वर आलंय तर बीटाचा रस न खजूर चालू करू का असं विचारलंय तुम्ही, तर अजिबात नको, दोन्हीत पोटॅशियम भरपूर, आणि डायलिसिसवाल्याला तेच घातक. माझ्या आईच्या डायलिसिसचं इथे नाशिकला पंचवटीत चौथं वर्ष चालू आहे, आम्हीही आधी हेच करून बसलो होतो. मुळात रक्त बनवायला सांगणारं एरिथ्रोपोएटिन किडनीच बनवते, तीच थकली की नुसतं खाऊन काय होणार, एरिथ्रोपोएटिनचं इंजेक्शनच लागतं. पण अंगात लोह नसेल तर तेही वाया, म्हणून फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेलं जाणारं लोह) या रक्ताच्या तपासण्या करून घ्या. आईचं सॅच्युरेशन कमी, १४ टक्के निघालं, मग डायलिसिस चालू असतानाच शिरेतून आयर्न दिलं तेव्हा कुठे गाडी हलली.

इंजेक्शन २ ते ८ डिग्रीतच ठेवायचं हं, मी एकदा मे महिन्यात खिशात घालून इथल्या द्वारका चौकाच्या ट्रॅफिकमध्ये तासभर अडकलो, पैसे पाण्यात. आता आइसपॅकचा डबा नेतो, फक्त बर्फाला चिकटवू नका, गोठलं तरी खराबच. आणि हिमोग्लोबिन साडेअकराच्या वर न्यायचा हट्ट नको, बीपी चढतं. किडनी ट्रान्सप्लांटचा विचार असेल तर रक्ताची पिशवी लावायच्या आधी डॉक्टरांशी नीट बोला, दुसऱ्याच्या पेशींविरुद्ध अँटीबॉडी तयार होतात, मग जुळणारी किडनी मिळणं अवघड जातं.