उशिराच्या कमानी उलट बसक्या होत गेल्या

‘कमान जितकी उंच आणि अणकुचीदार, तितकं चर्च उशिराचं’ हा जुन्या चर्चांबद्दल कुणीतरी मांडलेला ठोकताळा निदान इंग्लंडात तरी उलटा पडतो. भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद लॅन्सेट खिडक्या तिथे १३व्या शतकातल्या. १५व्या शतकाच्या उत्तरार्धात कमान चक्क बसकी व्हायला लागली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेज चॅपलचं (म्हणजे कॉलेजच्या प्रार्थनागृहाचं; पायाभरणी १४४६, दगडी छत १५१२ ते १५१५) छत पाहा, मधलं टोक जेमतेम जाणवतं.

कर्कटक घेऊन ही कमान कागदावर काढून बघा, मग गंमत कळते. साध्या टोकदार कमानीला दोन केंद्रं पुरतात. ती पायथ्याच्या दोन टोकांवर ठेवली की समभुज कमान, आणखी बाहेर सरकवली की लॅन्सेट. बसकीला मात्र चार लागतात: पायथ्याशी लहान त्रिज्येचे दोन चाप, वर मोठ्या त्रिज्येचे दोन, आणि या मोठ्यांची केंद्रं पार खाली. माझे पहिले दोन प्रयत्न सांध्यावर कोपरा येऊन फसले. लहान चापाचं केंद्र, मोठ्याचं केंद्र आणि सांधा एका रेषेत आले तरच वळण सलग येतं. अर्थात बसक्या कमानीचा बाहेरचा रेटा जास्त, म्हणून बट्रेसही (भिंतीला बाहेरून टेकू देणारे दगडी आधार) दणकट हवेत. किंग्जमध्ये बट्रेसांच्या मधल्या जागेत छोटी चॅपलं बसवून टाकलीत!

आणि त्या ठोकताळ्याला कुलाब्याचं अफगाण चर्च दाखला म्हणून नको. ते १८५८चं, पण आकार मुद्दाम १३व्या शतकातला घेतलेला.