व्याख्येवरचा निबंध: खोबरेल द्यावं की डिलिव्हरी बॉय?

खडूफळा: अकरावीला ‘अमुक गोष्ट तमुक प्रकारात मोडते की नाही’ यावर वाद घालणारा निबंध दिलाय. निम्म्या वर्गाने ‘खरी मैत्री म्हणजे काय’ आणलं. त्यावर भांडणार कोण? मी खोबरेल सुचवलं. छोट्या बाटलीतलं खोबरेल खायचं की केसांचं, यावर कंपन्या आणि कर खातं वर्षानुवर्षं कोर्टात होती. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचंच जमलं नाही. डिसेंबर २०२४ मध्ये तिघांच्या पीठाने सांगितलं, बाटली लहान एवढ्यावरून ते केसांचं तेल ठरत नाही. मग निकष कुठला? लेबल, की गिऱ्हाईक घरी नेऊन काय करतं? पोरांना आणखी काय हवं!

तिरकस: सर, विषय शिळा झाला. खटला जुन्या उत्पादन शुल्काचा होता, पण नंतर जीएसटीतही खाद्यतेलाला ५ टक्के आणि केसांच्या तेलाला १८, म्हणून मारामारी. २२ सप्टेंबर २०२५ पासून दोन्हींना ५च. काही म्हणा, कुणाच्या खिशाला फरक नाही. डिलिव्हरी बॉय घ्या. तो कंपनीचा कामगार ठरला तर पीएफपासून किमान वेतनापर्यंत सगळं बदलतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये उबरचालकांना ‘वर्कर’ मानलं. आपल्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने गिग कामगाराला, म्हणजे असं सुटं काम करणाऱ्याला, व्याख्येतच पारंपरिक मालक-नोकर नात्याबाहेर ठेवलं.

वडापावपार्टी: वडापाव सँडविचमध्ये मोडतो का?

तिरकस: दादरला उभं राहून विचारा, मग निबंध लिहायला हात शाबूत राहिले तर बघू.

खडूफळा: तिरकसराव, तुमच्या विषयात पोरं दुसऱ्याच परिच्छेदात ‘पावसात भिजतात बिचारे’ वर घसरतात. सोयी द्याव्यात की नाही हा वेगळा निबंध झाला. ऑर्डर नाकारली तर काय होतं, दर कोण ठरवतं, ॲपवरचा आयडी कोण बंद करतं, हे तपासायचं राहूनच जातं.

तिरकस: मग हेच तीन प्रश्न फळ्यावर लिहा आणि प्रत्येकाला एका डिलिव्हरी बॉयशी बोलायला लावा. तेलाच्या बाटलीला कोण विचारणार?

खडूफळा: आईला विचारतील. बाटली फोडणीच्या डब्याशेजारी असते की आरशासमोर? गोव्याकडच्या आणि लातूरच्या पोराचं उत्तर एक येणार नाही, आणि तिथेच निकषावर भांडण लागतं. करातला फरक गेला म्हणून तेवढं भांडण जात नाही. पहिला निबंध खोबरेलच. तुमचा विषय दिवाळीनंतर, त्या तीन प्रश्नांसकट.

तिरकस: दिवाळीनंतर आठवण करणार, सर.