'चॅव' म्हणजे नुसता टपोरी?

शेवटचीलोकल: शिव्यांच्या धाग्यावर मँचेस्टरकर लिहितात, "चॅव म्हणजे ब्रिटिश टपोरी. ट्रॅकसूट, सोनसाखळी, बरबरी या महागड्या ब्रँडची चौकड्यांची टोपी. गमतीचा शब्द." अजिबात मान्य नाही. टपोरी माणूस वागण्यावरून ठरतो. चॅव ठरतो राहत्या घरावरून, बोलण्यातल्या हेलावरून, बापाच्या कमाईवरून. 2004 साली वर्तमानपत्रांनी हा शब्द एवढा उचलला की ऑक्सफर्डने त्याला वर्षाचा शब्द ठरवलं. 'कौन्सिल हाउस्ड अँड व्हायोलंट' (कौन्सिलच्या, म्हणजे पालिकेच्या भाड्याच्या घरात राहणारा आणि हिंसक) याचं ते लघुरूप, हे मागाहून चिकटवलेलं, साफ खोटं. तरी लोकांना ते लगेच पटलं, कारण गरीब म्हणजे गुंड हे मनात आधीच पक्कं होतं.

मँचेस्टरकर: बसच्या वरच्या मजल्यावर माझ्या आईच्या साडीवर चिप्स फेकणाऱ्या पोरांना मग काय म्हणू? तुम्ही ठाण्यात बसून शिकवू नका.

रात्रपाळी: गुंड म्हणा, वंशद्वेष्टे म्हणा. आम्ही कौन्सिलच्या घरात राहतो. माझ्या बाळंतपणात रोज गरम सूप आणून देणारी शेजारीण, कानात मोठ्या रिंगा, केस कपाळापासून ताणून बांधलेले. तिलाही लोक चॅवच म्हणतात. तिने कोणावर चिप्स फेकले?

धातुसाधित: 'चॅव'चं मूळ रोमानी, म्हणजे युरोपातल्या जिप्सींच्या भाषेत आहे, 'चावो' म्हणजे मुलगा. संस्कृत 'शाव', प्राकृत 'छाव', तिथूनच आपला 'छावा'. सख्खी भावंडं!

गडकोट: शंभूराजांना लावतो तो शब्द या टोळक्यांच्या पंगतीला बसवू नका.

धातुसाधित: मी बसवलेला नाही. रोमानी आई आजही पोराला तसंच हाक मारते. शिवी केली ती इंग्रजांनी.

गडकोट: व्युत्पत्तीच्या नावाखाली काहीही खपवायचं!

धातुसाधित: कोश उघडा, मग आवाज चढवा.

शेवटचीलोकल: छाव्यावर वेगळा धागा काढा. स्कॉटलंडात 'नेड', इंग्लंडच्या ईशान्येला 'चार्वर', सगळ्यांचा रोख गरिबाकडेच. बरबरीने तर 2004 मध्ये ती टोपी बनवणंच थांबवलं. चौकडे श्रीमंताच्या गळ्यात शोभतात, गरिबाच्या डोक्यावर नाहीत! आपल्याकडे 'गावठी' म्हणतात तेव्हा असंच होतं. पुण्यात कॉलेजात माझ्या 'न' आणि 'ण' वरून वर्ग हसायचा.

मँचेस्टरकर: ठीक आहे, रात्रपाळींच्या शेजारणीला नाही म्हणणार. त्या पोरांना मात्र म्हणणारच.

रात्रपाळी: त्यांना म्हटलेलं तिला ऐकू जातं.