शब्द बदलला म्हणजे शरणागती नव्हे
तक्रारींमुळे गाण्याचे शब्द बदलणे ही शरणागतीच, असे काहीजण म्हणतात; ते मला पटत नाही. जून २०२२ मध्ये अमेरिकन गायिका लिझोने आपल्या 'गर्ल्स' या गाण्यातील 'स्पॅझ' हा शब्द काही दिवसांतच काढून तिथे 'होल्ड मी बॅक' असे गायले, आणि ऑगस्टमध्ये गायिका बियॉन्सेच्या 'हीटेड' या गाण्यातूनही तोच शब्द वगळला गेला. अमेरिकेत त्याचा अर्थ 'भान सुटणे' इतकाच घेतला जात असला, तरी ब्रिटन-ऑस्ट्रेलियात ती सेरेब्रल पाल्सी (मेंदूतील दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणे) असलेल्यांना हिणवणारी उघड शिवी आहे. इतकी, की 'स्पॅझ' ज्यावरून आला तो 'स्पॅस्टिक' शब्द नावात असलेल्या, अशा लोकांसाठी काम करणाऱ्या ब्रिटनमधील स्पॅस्टिक्स सोसायटीने १९९४ मध्ये आपले नावच बदलून 'स्कोप' केले. लिझोने निदान स्वतः निवेदन काढले. बियॉन्सेच्या वतीने प्रवक्त्यानेच काय ते सांगितले, हे मला जरा खटकले.