एका वेळी जेमतेम 4-5 किमी: जुनी गाडी पेट्रोल घ्यावी की डिझेल?
कोथरूड ते डेक्कन, सकाळी जाणं, संध्याकाळी येणं. महिन्याला 250 किमीच्या आतच. समोर 2018 ची स्विफ्ट 1.2 पेट्रोल (62,000 किमी) आणि 2021 ची आय20 डिझेल, बीएस6 (48,000 किमी). डिझेलची ओढ मस्त आहे, पण एवढ्याशा अंतरात इंजिन धड तापतच नाही. डीपीएफमधली (डिझेलच्या धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काजळी जळायला सलग 15-20 मिनिटं बऱ्या वेगाने पळवावी लागते; मध्येच बंद केली की काजळी साचते, शिवाय ती जाळायला सोडलेलं जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्याही वर आणि डिझेलचा वास, म्हणजे हेच ना? रविवारी एक्सप्रेसवेवर चक्कर मारून भागतं का, की तो नुसता मनाचा दिलासा? आणि पेट्रोलमध्ये क्लच, बॅटरीशिवाय काय तपासू? थंड इंजिन स्वतः चालू करूनच बघणार आहे.