मक्यावरची लष्करी अळी: ढालकिडे (लेडीबर्ड) वाचवून बंदोबस्त कसा करू?

सिन्नर तालुक्यात दीड एकर मका, 25 दिवसांचा. अळी अमेरिकन लष्करीच आहे: डोक्यावर उलटा वाय, शेपटाकडे चौकोनात चार ठिपके. 2018 ला कर्नाटकात दिसलेली ही पाहुणी आता आमच्या मक्याच्या पोंग्यात (मधल्या गुंडाळलेल्या पानांत) भुशासारखी विष्ठा टाकून बसलीय. शंभरात वीसेक झाडं लागलीत. पाच टक्के निंबोळी अर्क दोनदा मारला, कामगंध सापळे लावले. पतंग सापडतात, अळी हटत नाही. दुकानदार इमामेक्टिन हे कीटकनाशक मारा म्हणतो. पण पानांवर आपले ढालकिडे भरपूर आहेत, मावा तेच खातात. शिवाय हा मका गायींना घालायचाय. ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा या बारीक मित्रकीटकाचं कार्ड) किडीच्या अंड्यांवरच चालतं हे माहीत आहे.

औषध फक्त पोंग्यात सोडलं तर ढालकिडे वाचतील का? आणि त्यानंतर ट्रायकोकार्ड किती दिवसांनी लावू?